पाण्यावरच्या रानबदकांचे फोटो: ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

नोव्हेंबर लागला की पाम बीच रोडच्या आतल्या बाजूला मोठमोठ्या लेन्सवाली मंडळी दिसायला लागतात, आणि त्यांच्यामागे नुकताच कॅमेरा घेतलेले लोक, ज्यांचा पहिला प्रश्न हमखास असतो की लेन्स कुठली घेऊ. सगळ्यांची तोंडं फ्लेमिंगोकडे. ते ठीकच आहे, फ्लेमिंगो आहेतच तसे, पण त्याच पाण्यात जरा अलीकडे बदकांचा थवा निवांत चरत असतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. माझं मत विचाराल तर शिकायला बदकासारखा पक्षी नाही. मोठा असतो, उघड्यावर असतो, तासन् तास एका जागी असतो, आणि फांदीआड जाऊन लपत नाही.

लेन्सचं नंतर बघू. बदकाचा फोटो चांगला येणार की नाही हे बरंचसं तीन गोष्टींवर ठरतं: सूर्य तुमच्या कुठल्या बाजूला आहे, वारा कुठून येतोय आणि तुमचा कॅमेरा पाण्यापासून किती उंचीवर आहे. या तीनही गोष्टी फुकट आहेत आणि तिन्ही तुम्ही बसायची जागा निवडता तिथेच ठरतात. बाकीचं सगळं त्यानंतर.

कोण येतं आणि कधी

बारमाही दोन, अडई आणि हळदीकुंकू बदक. अडई म्हणजे लेसर व्हिसलिंग डक, तपकिरी, शीळ घातल्यासारखा आवाज, दिवसा घोळक्याने काठाला पेंगत बसणार आणि अंधार पडायला लागला की उडणार. हळदीकुंकू म्हणजे स्पॉट-बिल्ड डक, चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपका, एकदा बघितलं की विसरत नाही.

हिवाळी पाहुण्यांमध्ये आपल्याकडे थापट्या म्हणजे शॉव्हलर, तलवार बदक म्हणजे पिनटेल, भुवई बदक म्हणजे गार्गनी आणि चक्रांग म्हणजे कॉमन टील ही नावं पाठ करा, सुरुवातीला तेवढं पुरे. काळं अंग आणि पांढरं कपाळ दिसलं की तो वारकरी, म्हणजे कूट, बदक नव्हे, पण सरावाला उत्तम. इटुकली गोल पाणडुबी पण बदक नाही, ती तर फोकस लागेपर्यंत बुडी मारून भलतीकडेच वर येते.

आता एक गोष्ट जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. ऑक्टोबरमध्ये आलेली बदकं बघून पुष्कळ जण हिरमुसतात, सगळीच मातकट, मग पुस्तकातला तो हिरव्या डोक्याचा नर कुठे गेला? तो तुमच्यासमोरच असतो. वीण आटोपली की बदकांचे नर भडक पिसं टाकून काही महिने मादीसारखा साधा पिसारा घालतात, आणि आपल्याकडे पोचतात तेव्हा पुष्कळसे त्याच अवतारात असतात. तलवार बदक आणि चक्रांग डिसेंबरपर्यंत बऱ्यापैकी रंगात येतात, थापट्याला अजून वेळ लागतो, आणि भुवई बदकाची ती पांढरी भुवई नीट उमटलेली हवी असेल तर फेब्रुवारी-मार्च गाठा. म्हणून सुट्ट्या जपून ठेवा, जानेवारीचा मध्य ते मार्चची सुरुवात हा खरा हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबर सरावाला.

कुठला काठ

हा मुद्दा जरा सावकाश वाचा.

ठाण्याची खाडी साधारण उत्तर-दक्षिण जाते. नवी मुंबई तिच्या पूर्वेच्या काठावर. म्हणजे ऐरोली, वाशी, नेरूळ, सीवूड्स कुठूनही खाडीकडे तोंड केलंत की तुम्ही पश्चिमेला बघत असता, आणि सकाळचा सूर्य तुमच्या पाठीमागे असतो. टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ जागा, एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागची तळी, सगळीकडे आपण रस्त्याच्या बाजूने, म्हणजे ढोबळमानाने पूर्वेकडून आत जातो. थोडक्यात, नवी मुंबई म्हणजे सकाळ. खाडीच्या पलीकडची बाजू, ठाणे पूर्वेची कोपरी, खाली मुलुंड-भांडुप, तिथून तुम्ही पूर्वेला बघता, तिथे संध्याकाळ. हे उलटं केलंत तर बदक काळं ठिक्कर आणि पाणी पांढरं फटक. सिल्हूट हवं असेल तर गोष्ट वेगळी, संध्याकाळी नवी मुंबईच्या काठावरून उडणाऱ्या अडयांचे सिल्हूट झकास येतात.

आता वारा. बदक हे विमानासारखं वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं. वारा तुमच्या पाठीवर असेल तर उडणारं बदक तुमच्या दिशेने येतं आणि उतरणारं बदक छाती दाखवत पाय पुढे काढून उतरतं, समोरून वारा असेल तर नुसती शेपट्यांची परेड. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी वारा बहुतेक वेळा जमिनीकडून, पूर्वेकडून येतो, हलकासा, कधी जवळजवळ नसतोच, आणि दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटतो, पश्चिम-वायव्येकडून. म्हणजे गंमत बघा, सकाळी सूर्य पण पूर्वेला आणि वारा पण पूर्वेचा, संध्याकाळी सूर्य पण पश्चिमेला आणि वारा पण तिकडचा. सूर्य बघून काठ निवडला की वाऱ्याचं काम बहुतेक आपोआप होतं. ज्या दिवशी ते जुळत नाही त्या दिवशी उडणाऱ्या बदकांचा नाद सोडा आणि तरंगणाऱ्यांवर लक्ष द्या.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, बराच आग्नेयेला सरकलेला असतो, तेव्हा तळ्याच्या काठावर थोडं दक्षिणेच्या अंगाला सरकून बसलात तर उजेड अजून सरळ पडतो. जानेवारीत सूर्योदय सात-सव्वासातला, त्यामुळे पहाटे चारला उठायची गरज नाही ही या छंदातली फार मोठी सोय. ट्रान्स-हार्बर लाइनने ठाण्याहून नेरूळला थेट गाडी आहे, सीवूड्सला उतरायचं तर तिथून एक स्टेशन पुढे, आणि स्टेशनवरून रिक्षा. साडेसहापर्यंत जागेवर असलात की झालं.

उरणच्या बाजूला पाणजे, भेंडखळ पण आहे, आणि जानेवारी 2024 पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. पण तिथल्या तळ्यांत पाणी आहे का ते आधी विचारून घ्या, पाणी उतरलेलं असलं की बदकं दुसरीकडे गेलेली असतात.

तिथी आणि भरती

आपल्या भागात बदकांचा दिवस घड्याळाइतकाच भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला खाडीत मैलभर चिखल उघडा पडतो आणि पक्षी पांगतात, लांब, तुमच्या लेन्सच्या बाहेर. भरतीचं पाणी चढलं की चिखल बुडतो आणि मग फ्लेमिंगो, तुतारी (चिखलात चरणारे छोटे पक्षी), बदकं सगळी सरकत सरकत आतल्या तळ्यांकडे आणि काठांकडे येतात. तेव्हा तुम्ही तिथे आधीपासून बसलेले हवे. मागून आलात तर उडवाल.

अॅप आहेतच, पण कोळ्यांचा जुना हिशेब कालनिर्णय बघून करता येतो: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत ऐरोलीकडे पाणी जरा उशिरा पोचतं, पण रविवार ठरवायला तेवढं पुष्कळ. म्हणजे सकाळच्या चांगल्या उजेडात पाणी चढत असलेलं हवं असेल तर एकादशी ते त्रयोदशी बघायची. या तिथ्या पौर्णिमा-अमावास्येच्या जवळच्या, उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिशेने जाणाऱ्या, त्यामुळे पाणीही चांगलं वर येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, खाडीत चिखलाचे पट्टे उघडेच राहतात.

ज्या तळ्यांना खाडीचं पाणी लागत नाही तिथे हे सगळं विसरा, पण तिथेही खाडी भरल्यावर आसऱ्याला येणारे पक्षी वाढतात.

ऐरोलीला वनखात्याच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, ती पण भरतीच्या वेळेप्रमाणेच. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं आणि 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, आणि बोटीतून ते आतून बघायला मिळतं. बोट फ्लेमिंगोसाठी जाते पण बदकं वाटेत भेटतात. बोटीत ट्रायपॉड नेऊ नका, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते, कोपर कठड्यावर टेकवू नका, हातात धरा आणि शटरचा वेग एरवीपेक्षा दुप्पट ठेवा. उंची मात्र बोटीत मस्त मिळते, पाण्याला जवळ.

कॅमेरा

थोडक्यात सांगतो. क्रॉप सेन्सरवाल्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या बॉडीवर 70-300 एमएमची लेन्स असेल तर सुरू करा, सराव होईल, बदक फ्रेममध्ये लहान येईल एवढंच. 150-600 किंवा 200-500 आली की आपल्या तळ्यांना साजेसं काम होतं. पैसे घालण्याआधी शनिवार-रविवारपुरती लेन्स भाड्याने घेऊन बघा. निकॉन पी950 सारखे लांब झूमवाले ब्रिज कॅमेरे तरंगणाऱ्या बदकांना उजेडात छान चालतात, उडणाऱ्यांना दमतात. मोबाइलने होणार नाही, त्यात मन घालू नका. आणि ट्रायपॉडपेक्षा बीनबॅग. जुन्या जीन्सचा पाय कापायचा, दोन्ही टोकं शिवायची, आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत तांदूळ. प्लास्टिक विसरू नका, कारण ओल्या बांधावर ठेवलेला तांदूळ पुढच्या रविवारपर्यंत घरभर वास मारतो.

सेटिंग

शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि एपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) तुम्ही धरा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर. सेटिंगच्या नादात बदक निघून जातं, म्हणून घरूनच लावून या.

तरंगणारं बदक: शटर 1/800 ते 1/1000 सेकंद. स्थिर दिसतं म्हणून 1/250 वर जाऊ नका, मान सतत हलत असते. पंख फडफडवताना किंवा उडताना 1/2000 ते 1/2500. एपर्चर एफ 6.3 ते एफ 8. अंदाज यावा म्हणून सांगतो, क्रॉप बॉडीवर 600 एमएमला, 20 मीटरवरच्या पक्ष्याला, एफ 6.3 वर जेमतेम फूटभर खोलीच शार्प येते, म्हणजे एक बदक कसंबसं मावतं, जोडी शार्प हवी असेल तर दोघं एका रेषेत येईपर्यंत थांबावं लागतं.

फोकस सततचा, म्हणजे एएफ-सी किंवा सर्व्हो, आणि कॅमेऱ्यात पक्ष्यांचा डोळा आपोआप शोधणारं आय डिटेक्शन असेल तर चालू. नसेल तर एक पॉइंट किंवा छोटा झोन, डोळ्यावर. पाणी आरशासारखं शांत असलं की फोकस कधीकधी प्रतिबिंबालाच जाऊन चिकटतो, स्क्रीनवर झूम करून खात्री करा.

एक्सपोजरची गडबड थापट्याने होते. डोकं गडद हिरवं, छाती पांढरी, पोट तांबूस. सकाळच्या उन्हात छाती जळते, म्हणजे पांढऱ्यात पिसं दिसतच नाहीत. जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारा हायलाइटचा इशारा चालू ठेवा आणि छाती लुकलुकायला लागली की एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) उणे 0.7 पर्यंत खाली आणा, गडद डोकं नंतर घरी उचलता येतं, जळलेली छाती परत येत नाही. अडई, हळदीकुंकू उजळ पाण्यावर असतील तर उलटं, अधिक 0.3 ते 0.7. रॉमध्ये, म्हणजे जेपीईजीऐवजी कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमध्ये काढा.

आणि त्या हिरव्या डोक्याबद्दल. तो रंग पिसाच्या बनावटीतून, त्यावर पडणाऱ्या उजेडातून चमकतो, त्यामुळे उजेडाचा कोन चुकला की डोकं निव्वळ काळं दिसतं. सूर्य पाठीशी आणि खाली असताना तोच नर मान जरा तुमच्याकडे वळवतो आणि क्षणात काळ्याचा हिरवा होतो, लगेच परत काळा. तेवढ्यात बर्स्ट मारायचा, म्हणजे बटण दाबून धरून एकामागोमाग एक फोटो. पिवळा डोळा पण त्याच वेळी चमकतो.

बसायचं कसं

उभं राहून काढलेला बदकाचा फोटो लगेच ओळखू येतो, पाठ दिसते आणि मागे नुसतं पाणी. खाली बसलं की बदक तुमच्या पातळीला येतं, मागची खारफुटी लांब जाऊन धूसर होते आणि फोटो एकदम वेगळाच वाटायला लागतो. झोपता आलं तर अजून चांगलं. चटई किंवा दुधाच्या पिशव्या धुऊन शिवलेलं बसकर घ्या, बांध ओला असतो.

आपल्याकडची अडचण अशी की बांध उंच असतात, खाली उतरून पाण्याशी जायला जागा नसते, आणि उतरू पण नका. खाडीचा चिखल वरून वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत ओढतो, भरती चढत असताना तिथे अडकणं म्हणजे जीवाशी खेळ. मग उपाय काय, तर अंतर. उंच बांधावर बसून दहा मीटरवरच्या बदकाकडे बघाल तर कोन बराच तिरका येतो, तेच बदक तीस मीटरवर असेल तर कोन तिसऱ्या हिश्शावर येतो. जवळचं बदक मोठं दिसतं म्हणून सगळे त्याच्यावर तुटून पडतात, उंच काठावरून मात्र लांबचं बदक जास्त चांगलं दिसतं. क्रॉप करा थोडं, चालेल.

जवळ जाण्याबद्दल: जाऊच नका, त्यांना येऊ द्या. पाठलाग करून बदकाचा फोटो म्हणजे पुन्हा शेपट्या. आमच्या इथे तळ्यांच्या कडेने रोज सकाळी चालणारे काका-काकू असतात, बदकांना त्यांची सवय झालेली असते, मोठमोठ्याने गप्पा मारत गेले तरी बदकं मान वर करत नाहीत. पण तोच माणूस थांबला, वळला आणि काहीतरी काळं लांबडं त्यांच्यावर रोखलं की सगळ्या माना ताठ. म्हणून चालत या, तिरकं चाला, त्यांच्याकडे थेट बघू नका, जागेवर बसा आणि लेन्स बीनबॅगवर आधीच ठेवून मग दहा-पंधरा मिनिटं काहीच करू नका. चहा प्या थर्मासातला. बदकं परत चरायला लागली की तुम्ही त्यांच्या लेखी संपलात, मग हळूहळू ती काठाला सरकायला लागतात.

चरणं थांबलं, माना वर आल्या, सगळी एकाच दिशेला तोंड करून हळूच लांब पोहायला लागली, हे सगळं "पुरे आता" असं सांगणं आहे. तिथेच थांबा, मागे सरका. ही बदकं कुठून कुठून, मध्य आशिया, सायबेरियापासून उडून आलेली असतात, त्यांना इथे खाऊन अंगावर चरबी चढवून परत जायचं असतं, आपल्या एका फोटोसाठी थवा उडवायचा हे बरं नाही.

कपडे मातकट, हिरवे. लाल टी-शर्ट घरी. ओडोमॉस लावूनच या, खारफुटीतले डास थंडीत पण सोडत नाहीत.

काय टिपायचं

नुसतं तरंगणारं बदक डाव्या बाजूने, उजव्या बाजूने असे ढीगभर फोटो झाले की कंटाळा येतो. मग अंघोळ शोधा. नवीन माणसाला सगळ्यात हमखास मिळणारा ॲक्शन फोटो हाच, कारण बदक आधी वर्दी देतं. क्रम जवळजवळ ठरलेला. आधी डोकं पाण्यात बुडवून पाणी पाठीवर ओढतं, एकदा, दोनदा, पाचदा. पाठीवरून पाण्याच्या गोळ्या घरंगळतात, पिसांवर थांबत नाहीत. मग पंखांनी पाणी आपटतं, आजूबाजूला सगळा शिंतोडा. मग जरा शांत. शेपूट दोन्ही बाजूंना झटझट हलवतं. आणि आता लक्ष द्या, कारण पुढच्या काही सेकंदांत ते पाण्यातून छातीपर्यंत वर उठतं, उभं राहिल्यासारखं होतं आणि पंख पूर्ण उघडून दोन-चारदा फडफडवतं. डोकं बुडवायला सुरुवात झाली की लगेच शटर 1/2500 करा, झूम थोडा मागे घ्या, पंख उघडले की बदकाची उंची-रुंदी दुप्पट होते आणि टोकं कापली जातात. कॅमेरा उभा धरायची हिंमत असेल तर धरा. त्या एका फडफडीत एरवी लपलेले रंग दिसतात, थापट्याच्या पंखाचा निळा खांदा आणि हिरवी पट्टी, हळदीकुंकवाची पांढऱ्या कडेची हिरवी पट्टी, चक्रांगाचा हिरवा चौकोन.

थापट्यांचं अजून एक बघण्यासारखं. पाच-सात-दहा जण एकमेकांच्या मागे लागून गोल गोल फिरतात, चोची पाण्याला टेकवून, सगळा थवा भोवऱ्यासारखा फिरतो, त्यातून खालचं खाणं वर येतं आणि ते चोचीच्या कडेच्या चाळणीने गाळून घेतात. इथे झूम कमी करा आणि पूर्ण गोल घ्या. एकाच बदकावर अडून बसलात तर काय चाललंय ते फोटोत कळतच नाही.

शेपूट वर डोकं खाली, हे तलवार बदक आणि चक्रांगांमध्ये सारखं चालतं, दिसायला विनोदी, पोरांना दाखवायला एखादा काढा.

उडण्याची वर्दी पण मिळते. माना वर, डोकी वर-खाली झटकणं, आवाज वाढणं, आणि सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. चक्रांग, थापट्या, तलवार ही सगळी वरवर चरणारी बदकं, ती पाण्यावरून सरळ वर उसळतात, धावपळ न करता, म्हणून फ्रेममध्ये वरच्या बाजूला जागा सोडून ठेवा. वारकरी मात्र पाण्यावरून पाय आपटत लांबपर्यंत पळतो, त्याला पॅन करता येतं, म्हणजे त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढता येतो, आणि फोकस ट्रॅकिंगचा सराव करायला त्याच्यासारखा कोणी नाही. आधी वारकऱ्यावर हात बसवा मग बाकीचे.

घरी जवळ असेल तिथे पण सराव होतो. ठाणेकरांनो, उपवन, कचराळी, तलावपाळीला पाणकावळे-बगळे बघायला मिळतात, गर्दीची सवय असलेले. वाशीच्या मिनी सीशोअरच्या होल्डिंग पाँडवर पण चक्कर टाका. रंग, फोकस, पाण्यावरचा उजेड, सगळं तिथे शिकून घ्या.

पाण्याचा रंग

याच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. फोटोत तीन-चतुर्थांश भाग पाणी असतं, आणि पाण्याला स्वतःचा रंग नसतो, मागे जे असेल ते त्यात उतरतं. मागे खारफुटी असेल तर पाणी गडद हिरवं, वर धुरकट आकाश असेल तर राखाडी, आणि आपल्या नवी मुंबईत मागे टॉवर असतात, सकाळी त्या टॉवरच्या भिंतींवर ऊन पडलं की पाण्यावर पिवळे-तांबूस पट्टे नाचतात. त्या पट्ट्यात बदक येईपर्यंत बसून राहिलात तर सीवूड्सच्या बिल्डिंगीतून सोनं निघतं. उलट निळ्या ताडपत्रीचं प्रतिबिंब असेल तर दोन फूट बाजूला सरका, तेवढ्याने पण फरक पडतो.

बदकाच्या चोचीपुढे जागा सोडा. प्रतिबिंब घ्यायचं असेल तर पूर्ण घ्या, अर्धवट कापलेलं फार खटकतं. तलवार बदकाची शेपटी कापायची नाही, ते नावच त्या शेपटीवर आहे.

साडेनऊनंतर पाण्यावरून गरम हवेचं थरथरणं सुरू होतं, मग कितीही भारी लेन्स असली तरी लांबचा फोटो मऊ येतो. लेन्सला दोष देऊ नका, मिसळ खायला जा.

काही गोष्टी सरळ सांगतो

पाव, शेव, गाठ्या टाकायचे नाहीत. दगड मारून उडवणारे अजूनही भेटतात, त्यांना गोडीत सांगा, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि ही बदकं त्यात संरक्षित आहेत. ड्रोन नको. पावसाळ्यात अडई आणि हळदीकुंकवाची पिल्लं घेऊन फिरणारी जोडपी दिसली तर लांबूनच, आणि घरट्याची जागा ग्रुपवर टाकू नका. काही पाणथळ जागांवर सिक्युरिटीवाले अडवतात, त्यांच्याशी हुज्जत घालण्यात सकाळचा उजेड जातो, विचारा, नाही म्हणाले तर पुढच्या तळ्यावर. एकटे असाल तर बांधावर फार आत जाऊ नका, कुत्र्यांच्या टोळ्या असतात आणि गवतात साप पण. स्थानिक मासेमारी करणाऱ्यांशी बोला, आज पाणी कुठे आहे आणि पाखरं कुठे बसलीत हे त्यांना आधी माहीत असतं.

घरी आल्यावर

निवडताना डोळा शार्प नसेल तो उडवा, बिनदिक्कत. एडिटमध्ये पाणी निळंशार करायचा मोह होतो, खाडीचं पाणी तसं नसतं आणि बघणाऱ्याला ते कळतं. हायलाइट खाली, सावल्या थोड्या वर, क्रॉप, बस. ओळख पटली नाही तर मर्लिन या पक्षी ओळखायच्या अॅपला विचारा, आणि यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर टाका, कुठल्या तळ्यावर कधी काय येतं ते त्यातूनच पुढच्या माणसाला कळतं आणि पुढच्या वर्षी तुम्हालाही.

सामानाचं मात्र त्याच दिवशी करा. खाडीची हवा खारट आणि आपली दमट, दोन्ही लेन्सच्या वैरी. ओलसर मऊ फडक्याने बॉडी आणि लेन्सचं बाहेरून पुसून घ्या, ट्रायपॉडचे पाय नेले असतील तर गोड्या पाण्याने धुऊन उघडे वाळत ठेवा, बॅग उन्हात टाका. कॅमेरा त्या ओल्या बॅगेत परत कोंबू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. बुरशी आतल्या काचेला लागली की साफ करायचा खर्च ऐकून बसायची वेळ येते.